ट्रॉलरच्या डिझेल लाइनची गळती : मासेमारी बंदीतल्या कामाच्या नोंदी (हर्णै, २०२४)

आमचा ट्रॉलर लाकडी, ४६ फुटी. इंजिन सहा सिलिंडरचं लेलँड, इनलाइन पंपाचं. इंजिनच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या दोन टाक्या, प्रत्येकी ६०० लिटरची. डिझेल टाकीच्या वरच्या फ्लँजमधून नळीने ओढलं जातं. तिथून कॉक, वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा), फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा), जोड फिल्टर, मग मेन पंप (नोझलना दाबाने डिझेल देणारा). फिल्टरवरून आणि नोझलवरून उरलेलं डिझेल परत टाकीत.

गेल्या हंगामात फेब्रुवारीपासून इंजिन हवा धरायला लागलं, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरायला लागली. सकाळी हातपंपाचे चाळीस-पन्नास दट्टे मारल्याशिवाय सुरू होत नसे. एप्रिलमध्ये एकदा जाळं पाण्यात असताना, १८ वाव खोलीवर, इंजिन बंद पडलं. चार तास तसेच उभे होतो. आबांचं वय आता ६३. त्या चार तासांत त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. या बंदीत सगळी लाइन उघडून जोडायची हे तेव्हाच ठरवलं. आमच्याकडे अशाच लाइनच्या होड्या पुष्कळ आहेत, म्हणून रोजचं लिहून ठेवतो आहे.

३ जून

बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. होडी ३१ मेलाच आंजर्ल्याच्या खाडीत आणून शाकारली. आज फक्त बघणं आणि मोजणं. एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर लाइन काढली आणि प्रत्येक सांध्याला नंबर दिला. टाकीपासून मेन पंपापर्यंत आणि परतीच्या नळ्या धरून ३१ सांधे झाले. नोझलकडे जाणाऱ्या जाड नळ्या यात नाहीत. मोजायच्या आधी मी बारा-पंधरा धरून चाललो होतो.

होज सोडले तर एकूण एक सांध्यावर पांढरी टेफ्लॉन टेप. कुठे तीन फेरे, कुठे आठ. गळती दिसली की टेप, पुन्हा दिसली की अजून टेप, असं सहा-सात वर्षं चाललेलं दिसतं. त्यातली निम्मी मी स्वतः गुंडाळलेली आहे.

४ जून

फीड पंप काढून घरी आणला. तोंडाशी बारीक जाळी असते, ती उघडली. जाळीवर पांढरा गोळा बसलेला, ओल्या कापसासारखा. चिमट्याने ओढला तर तो टेपच्या धाग्यांचा निघाला. सर्वात लांब धागा माझ्या करंगळीएवढा होता.

पुढे पंपाचे दोन्ही वॉल्व्ह उघडले. आत येणाऱ्या वॉल्व्हच्या चकतीखाली केसासारखा एक धागा आडवा पडला होता. उजेडात धरल्यावरच दिसला. तेवढ्यानेच चकती पूर्ण बसत नव्हती, म्हणजे रात्रभरात लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीकडे परतत होतं. सकाळचे चाळीस दट्टे कुठून येत होते ते कळलं.

जाळीनंतर धागा आला कसा? पंपाच्या स्वतःच्या सांध्यांवरही टेप होती आणि ते सांधे जाळीच्या पुढे आहेत. याच हिशेबाने फिल्टर आणि मेन पंप यांच्यामधल्या सांध्यावरची टेप सर्वात धोक्याची, कारण तिथून सुटलेला तुकडा अडवायला पुढे काहीच नाही. त्या सांध्यावर आमच्याकडे सहा फेरे होते.

टेपवर अन्याय नको. डिझेल तिला काही करत नाही, ती विरघळत नाही, कुजत नाही. त्रास होतो तो तिच्या कापलेल्या कडांचा. आटे आवळताना कड कातरली जाते आणि सुटा धागा डिझेलबरोबर निघून जातो. घरच्या नळाला असा धागा तोटीतून बाहेर पडतो. इथे तो वॉल्व्हखाली जाऊन बसतो.

७ जून

तीन दिवस पाऊस. कामाची जागा पडवी. सगळे सांधे डिझेलने धुऊन ताटात मांडले आणि जातीप्रमाणे वेगळे केले. हे काम मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, कारण सीलंट कुठलं लावायचं हा प्रश्न याच्या नंतरचा आहे. आधी बघायचं की हा सांधा डिझेल अडवतो कुठे.

निमुळत्या आट्यांचे ९ निघाले. यात आटेच एकमेकांत रुततात आणि अडवणं तिथेच होतं. आट्यांमधल्या बारीक फटी भरायला काहीतरी लावावंच लागतं. सीलंटची गरज असलेले सांधे एवढेच.

बँजो (पोकळ बोल्टने आवळायची नळीच्या टोकाची कडी) १० निघाले. यात आटे फक्त आवळण्यापुरते. डिझेल अडवतात ते बोल्टच्या डोक्याखालचा आणि बँजोखालचा असे दोन तांब्याचे वायसर. बोल्ट आतून पोकळ, डिझेल त्याच्या पोटातून जातं. त्याच्या आट्यांवर टेप गुंडाळली तर वायसरची गळती थांबत नाही, आणि तुकडे मात्र थेट लाइनमध्ये पडतात. आमच्या दहाही बँजोंवर टेप होती.

कोनाचे ६. नळीचं फुललेलं तोंड समोरच्या कोनावर बसतं, धातूला धातू. आट्यांवर टेप असली की नट लवकर जड होतो, आपल्याला वाटतं आवळला, पण कोन बसलेलाच नसतो. यातल्या चार कोनांवर टेकल्याची पूर्ण गोल खूण नव्हती, अर्धीच होती.

उरलेले ६ होज आणि क्लिपचे.

म्हणजे ३१ पैकी २२ सांध्यांवर काहीही लावायचं नव्हतं, आणि त्यातल्या १६ सांध्यांवर आपण टेप चढवली होती. आबांना ताट दाखवलं. ते बराच वेळ एक बँजो बोल्ट बोटांत फिरवत बसले. मग म्हणाले, "पाना मारताना मी कधी आत बघितलंच नाय."

८ जून

लावायचं काय, यावर जेट्टीवर प्रत्येकाचं वेगळं मत. कोणी सफेदा-सुतळी म्हणतं, कोणी शेलॅक, कोणी लाल सिलिकॉन, कोणी एम-सील. म्हणून लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्यांत डिझेल भरून ठेवलं. एका बरणीत पत्र्यावर लावून सुकवलेलं सिलिकॉन. दुसरीत शेलॅक (लाखेचं द्रावण) लावून आवळलेला नट-निपल (निपल म्हणजे आटे पाडलेला नळीचा आखूड तुकडा). तिसरीत अ‍ॅनारोबिक (हवा तुटल्यावर घट्ट होणारं) सीलंट लावलेला पितळी नट-निपल. चौथीत सफेदा-सुतळी. बरण्या माळ्यावर, पोरांच्या हाताबाहेर. दोन आठवड्यांनी उघडायच्या.

११ जून

वॉटर सेपरेटर. दोन वर्षांपूर्वी बसवलेला, बाहेरच्या देशातून आलेला. त्याच्या तोंडातला एल्बो (काटकोनी जोड) हाताने अडीच फेरे जातो आणि अडकतो. टेप काढल्यावर तर तो तोंडात डुगडुगतो.

२८० रुपयांचा आटे मोजायचा गेज आणला. सेपरेटरच्या तोंडाला इंचात १८ आटे, आमच्या एल्बोला १९. तोंड अमेरिकन एनपीटी आट्यांचं, एल्बो आपल्याकडच्या बीएसपी आट्यांचा. दोन्ही 'पाव इंची'. आट्यांचा कोनही वेगळा, एनपीटीचा ६० अंश, बीएसपीचा ५५. असा जोड कुठल्याच सीलंटने नीट बसणार नाही, आणि जोर केला तर अ‍ॅल्युमिनियमचं तोंड चिरेल. दोन वर्षं तो टेपच्या आठ फेऱ्यांवर तगून होता.

अर्धा इंचात दोन्हींचे आटे इंचाला १४ येतात, म्हणून तिथे ही चूक आणखी सहज होते. मापाच्या नावावर जाऊ नका, गेज लावा.

दापोलीत एनपीटी ते बीएसपी अ‍ॅडॉप्टर मिळाला नाही.

१४ जून

मुंबईला नागदेवी स्ट्रीटला जाऊन आलो. जाण्या-येण्याचा खर्च १,१०० आणि दोन दिवस. अ‍ॅडॉप्टर, स्टीलचे निपल, एल्बो, दोन स्टेनलेसचे बॉल व्हॉल्व्ह मिळून २,६०० रुपये. अ‍ॅनारोबिक सीलंट, लॉकटाइट ५७७, पिवळी पेस्ट, ५० मिलीच्या बाटलीला १,३५०. किंमत ऐकून थांबलो होतो, पण नऊ सांध्यांना बाटलीचा पाव भागही लागणार नाही.

जुन्या लाइनमध्ये जस्ताचा मुलामा असलेले पाण्याचे चार निपल होते. ते काढून टाकले. डिझेल जस्ताशी हळूहळू खेळतं, त्यातून साबणासारखा गाळ तयार होतो आणि तो फिल्टर-नोझलवर बसतो. जी.आय.चं सामान डिझेलवर वापरू नका, कितीही स्वस्त आणि हाताशी असलं तरी.

१७ जून

नऊ निमुळते सांधे जोडले. नर आट्यांवर पेस्टचा पूर्ण गोल फेरा द्यायचा, टोकाचा पहिला आटा कोरा ठेवायचा, म्हणजे पेस्ट आत ढकलली जात नाही. हाताने बसेपर्यंत फिरवायचा, मग पान्ह्याने दीड-दोन फेरे. बाहेर आलेली पेस्ट फडक्याने पुसायची. जोडायला दुपार पुरली.

हे सीलंट हवेत सुकत नाही. आट्यांमध्ये हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतं. म्हणून बाहेरची पेस्ट ओलीच दिसते, त्यावरून घाबरायचं नाही. त्याच कारणाने प्लास्टिकवर ते लावायचं नाही. तिथे धरत नाही, आणि काही प्लास्टिकला त्याने चिरा जातात. सेपरेटरच्या पारदर्शक वाटीला ओ-रिंग आहे. तिला फक्त डिझेलचं बोट लावलं.

१९ जून

दोन चुका झाल्या.

पहिली. ६ नंबरचा एल्बो होजच्या दिशेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव फेरा उलटा फिरवून सरळ केला. तोवर सीलंट धरायला लागलं होतं. उलट फिरवताना बारीक करकर हाताला जाणवली, म्हणजे पापुद्रा तुटला. काढून, खरवडून पुन्हा लावला. एल्बोची दिशा आवळतानाच पुढे जाऊन साधायची. मागे यायचं नाही.

दुसरी चूक मोठी. स्टेनलेसच्या बॉल व्हॉल्व्हमधला स्टेनलेसचा निपल दोन दिवसांनी तपासला, तर पान्ह्याने सहज फिरला. आत पेस्ट लोण्यासारखी. पितळेवर आणि साध्या लोखंडावर हे सीलंट लवकर धरतं, स्टेनलेस त्या बाबतीत थंड आहे. शिवाय मी आटे डिझेलने धुतले होते आणि तसेच जोडले होते, त्यावर तेलाचा पातळ थर होता. बोटीवर बसवलेलं सगळं पुन्हा उतरवलं.

आता आटे तारेच्या ब्रशने घासले, अ‍ॅसिटोनने दोनदा पुसले, अ‍ॅक्टिव्हेटरचा (सीलंट लवकर धरायला लावणारा) फवारा मारला, वाळू दिला, मग पेस्ट. ४८ तास हात लावायचा नाही असं ठरवलं. अ‍ॅक्टिव्हेटर ९०० रुपये. स्टेनलेसऐवजी पितळी व्हॉल्व्ह घेतले असते तर हे पैसे आणि हे तीन दिवस वाचले असते.

२२ जून

बरण्या उघडल्या.

सिलिकॉन फुगलं होतं. नखाने ओढल्यावर पट्टीच्या पट्टी पत्र्यापासून सुटून आली आणि बोटांत तुटली. इंजिनच्या ऑइल-पाण्याला ते चालत असेल, डिझेलच्या लाइनवर मी ते पुन्हा लावणार नाही. अशी पट्टी आत गेली तर टेपच्या धाग्याची गत.

शेलॅक जसंच्या तसं. डिझेलचा त्यावर परिणाम नाही. पण वाळल्यावर ते काचेसारखं कडक होतं, आणि आमचं इंजिन पायासकट थरथरतं. सरकत्या-हलत्या नळीच्या सांध्यावर मला त्याचा भरवसा वाटत नाही. न हलणाऱ्या ठिकाणी चालेल.

सफेदा-सुतळी बाहेरून ठीक, पण नट उघडल्यावर सुतळीचे तंतू आतल्या भोकात लोंबत होते. तो विषय तिथेच संपला.

अ‍ॅनारोबिकचा नट सोडवायला दोन पान्हे आणि जोर लागला. आट्यांत पिवळी पूड, आत काही नाही.

एम-सील बरणीत टाकलंच नव्हतं. ते समुद्रात अडलं तर घरी पोचण्यापुरतं, म्हणून होडीवर एक पुडी ठेवतो.

२६ जून

तांब्याचे वायसर. दहा बँजोंना वीस. जुन्यांवर गोल चर पडलेले, आणि आवळून आवळून तांबं कडक झालेलं. कडक वायसर दबत नाही, म्हणून गळतो. मग आपण अजून आवळतो.

फिल्टर आणि मेन पंपाकडचे आठ नवे घेतले, १० नगांचा संच २४० रुपये. बाकीचे बारा भाजले. तारेत ओवून ब्लो लॅम्पच्या ज्योतीत धरले. तांबं आधी निळं-जांभळं होतं, मग काळपट, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात धरलं तर मंद लाल दिसायला लागतं. तो लाल दिसला की पाण्यात. पाण्यात टाकल्यावर वरची काळी खपली चर्र आवाज करून सुटते आणि खालून गुलाबी तांबं निघतं. हाताने वाकवून बघितलं, भाजण्याआधी कडक होतं ते आता सहज वाकलं. मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू आठच्या आकड्यात घासल्या. तीन वायसर पातळ झाले होते, ते टाकले आणि संचातल्या उरलेल्या दोनांसोबत एक सुटा विकत घेतला.

हे काम मला फार आवडलं. धाकटा भाऊ शेजारी बसून एकेक मोजून फडक्यावर मांडत होता.

२७ जून

एक बँजो बोल्ट तोडला. १४ मिलिमीटरचा, फिल्टरच्या डोक्यातला. वायसर मऊ आहेत हे माहीत असून हात जुन्या सवयीने गेला, लांब पान्हा घेतला आणि आवळत राहिलो. बोल्ट आतून पोकळ, बाजूला आडवी भोकं, त्या भोकांपाशीच तुटला. उरलेला तुकडा फिल्टरच्या डोक्यात.

२९ जून

डोकं दापोलीला लेथवाल्याकडे नेलं. तुकडा काढायचे ६०० रुपये, नवा बोल्ट ९०, दोन दिवस गेले. काढताना वायसर बसायच्या जागेवर एक ओरखडा आला. तिथे तांबं बसेना, म्हणून डाउटी वायसर लावला. लोखंडी चकतीच्या आत नायट्राइल रबराची कड असते, ओरखडा रबर झाकतं. ३० रुपयांना एक, सहा घेऊन ठेवले. आता बँजो आखूड पान्ह्याने, मनगटाच्या जोराने.

६ जुलै

दाब देऊन तपासणी. सायकलचा पंप, एक व्हॉल्व्ह आणि ० ते १ किलो दाबाचा गेज (४५० रुपये) असं जोडलं. टाकीचा कॉक बंद, फीड पंपापर्यंतची लाइन रिकामी, ०.४ किलो हवा भरली. यापेक्षा जास्त नको. सेपरेटरची वाटी त्यासाठी बनलेली नसते.

दहा मिनिटांत काटा ०.१ वर.

साबणाचं पाणी ब्रशने लावलं. नवे जोडलेले नऊच्या नऊ कोरडे. एका होजच्या क्लिपखाली फुगे आले. तिथे होजच्या आत उभ्या रेषांची चीर होती. जुना होज पाण्याचा होता, डिझेलने मऊ पडलेला. डिझेलचा नायट्राइल होज ४ मीटर, १,२८० रुपये, आणि क्लिपा ५४०. क्लिप कितीही आवळली तरी चुकीचं रबर धरत नाही.

दुसरे फुगे फीड पंपावरच्या हातपंपाच्या दट्ट्यातून. तिथे आपण कधी संशयच घेत नाही. आतलं सील गेलं होतं. नवा हातपंप ३८० रुपये.

तांडेल मामा बघायला आले होते. मी म्हटलं, इथून डिझेल कधी गळलं नव्हतं. ते म्हणाले, "डिझेल गळलं तर वास तरी येतो रे. हवा शिरते तिचा काय वास येणार?" फीड पंपाच्या अलीकडची सगळी बाजू ओढणारी असते. तिथली फट बाहेरून कोरडी दिसते आणि आत हवा घेते. पंपाच्या पलीकडे दाब असतो, तिथे डिझेल बाहेर येतं.

दुरुस्तीनंतर ०.४ अर्धा तास ०.४ च राहिला.

१२ जुलै

इंजिन सुरू केलं. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती लावली. पहिल्या काही मिनिटांत मोठे फुगे गेले, ते अपेक्षित होतं. त्यानंतर बंद व्हायला हवे होते. वीस मिनिटं झाली तरी मोहरीएवढ्या फुग्यांची एक रांग चालूच, थांबून थांबून. उजव्या टाकीवर टाकलं की बंद, डाव्या टाकीवर टाकलं की पुन्हा सुरू.

रात्री झोप लागली नाही. लाइन अर्धा तास दाब धरते आणि इंजिन हवा खातं, हे जुळत नव्हतं.

१३ जुलै

सकाळी आबांची डिझेलची वही काढली. सोसायटीच्या पंपावर भरलेलं डिझेल आणि फेरीचा खर्च ते त्यात लिहितात, डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो त्यासाठी. इंजिन बंद पडल्याच्या तारखा तिथे ताडून बघितल्या. पाचही वेळा डाव्या टाकीवर चालत होतं, आणि पाचही वेळा टाकी निम्म्याखाली. आम्ही फेरीच्या शेवटाकडे अडायचो, जाताना कधीच नाही.

दाबाची तपासणी मी टाकीचा कॉक बंद करून केली होती. कॉकच्या पलीकडे, टाकीच्या आत, ओढायची नळी असते. ती तपासलीच नव्हती.

फ्लँज उघडून नळी बाहेर काढली. टाकी ७० सेंटीमीटर खोल. नळी मुळात आखूड होती, कोणीतरी वरून ३० सेंटीमीटरवर तुकडा जोडून लांब केली होती. त्या वेल्डिंगला चीर होती, नखात अडकेल एवढी. टाकी भरलेली असेल तेव्हा चीर डिझेलमध्ये बुडालेली, मग ती डिझेलच ओढते. पातळी खाली गेली की चीर उघडी पडते आणि हवा ओढते.

गेला महिनाभर मी आट्यांवर काय लावायचं यात होतो. ते काम वाया गेलं नाही, सकाळचा त्रास त्यातूनच होता. पण समुद्रात चार तास उभं राहिलो ते या चिरेने. वही आधी उघडली असती तर हे ३ जूनलाच कळलं असतं.

१६ जुलै

नवी अखंड नळी, फ्लँजला ब्रेझिंग (पितळी टाका) करून, ७०० रुपये. काम गावातल्या वर्कशॉपमध्ये, होडीपासून लांब. कारागीर म्हणत होता टाकीवरच टाका मारतो, दहा मिनिटांचं काम आहे. नाही म्हटलं. डिझेलची टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते. टाकीला आग लावायची नाही, सुटा भाग काढूनच न्यायचा.

नळीचं टोक तळापासून २५ मिलिमीटरवर ठेवलं, तळाचा गाळ-पाणी ओढलं जाऊ नये म्हणून. फ्लँजखाली जुनं सिलिकॉन होतं, ते खरवडून कॉर्क-नायट्राइलचं पॅकिंग कापलं, कोरडंच बसवलं. फ्लँजचे बोल्ट टाकीत आरपार जातात, त्यांच्या आट्यांवर ५७७ चा थेंब आणि डोक्याखाली डाउटी. उजव्या टाकीचंही पॅकिंग बदलून टाकलं.

२० जुलै

इंजिन सहा तास चालवलं. दोन्ही टाक्यांवर, डावी मुद्दाम ८० लिटरवर आणून. पारदर्शक नळीत एकही फुगा नाही. नळी काढून कायमचा होज लावला. पारदर्शक नळी तपासणीपुरतीच ठेवायची. इंजिनच्या उष्णतेत ती कडक होते.

तिसऱ्या नोझलच्या नटाखाली ओल दिसली. मिस्त्री म्हणाले, थोडं सीलंट लाव. जाड नळीवर कसलंच सीलंट टिकत नाही, तिथे २०० किलोच्या वर दाब असतो आणि अडवणारा कोन धातूचाच हवा. नट सैल करून नळी मोकळी बसू दिली आणि पुन्हा आवळला, तरी ओल. कोनावर खाच पडली होती. नवी नळी ४५० रुपये.

या नळ्यांची गळती शोधताना हात जवळ नेऊ नका. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा. इतक्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं, आत बोट सडतं. कोणाला लागलंच तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना, आणि डॉक्टरांना सांगायचं की दाबाचं डिझेल आत गेलं आहे.

४ ऑगस्ट

बंदी उठून चार दिवस झाले, दर्या आज जरा उतरला. पहिली फेरी. सकाळी सहा दट्टे आणि इंजिन सुरू. आबांनी दोनदा बंद करून पुन्हा सुरू करून बघितलं.

पावत्या जोडल्या, ११,३४० रुपये झाले. माझी मजुरी धरली नाही. प्रत्यक्ष कामाचे दिवस २३, त्यातले ९ चुकांपायी.

१० ऑगस्ट

तीन फेऱ्या झाल्या. फीड पंपाची जाळी उघडली. थोडा काळा गाळ, धागा नाही. परतीला डाव्या टाकीत ११० लिटर होतं, जाळं ओढताना आवाज एकसारखा.

२० ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा. आबांनी नारळ सोडला.

आज सगळे सांधे कोरड्या फडक्याने पुसून बघितले. १७ नंबरचा बँजो, भाजलेल्या वायसरचा, किंचित ओला लागला. आखूड पान्ह्याने अगदी थोडा आवळला, पुसला आणि भोवती वहीचा कोरा कागद गुंडाळून दोऱ्याने बांधला. परवाच्या फेरीनंतर कागद सोडून बघायचा. डाग पडला तर दोन्ही वायसर नवे टाकायचे.